सात दिवसांचा लॅपटॉप, अर्धवट खेळलेला गेम आणि मित्राचे पुस्तक : न्याय्य परीक्षण कशाला म्हणावे?

शाईचाडाग (प्रश्न)

नमस्कार. गेली चार वर्षे मी एका छोट्या डिजिटल नियतकालिकासाठी परीक्षणे लिहितो. माणसे कमी असल्यामुळे आमच्याकडे विषयांची वाटणी नाही. एका आठवड्यात लॅपटॉप, पुढच्या आठवड्यात गेम आणि त्यानंतर एखादा कथासंग्रह, असे सगळेच माझ्या टेबलावर येते. अलीकडे लागोपाठ तीन प्रसंग असे घडले, की आपण लिहितो ते न्याय्य असते का, ही शंका मनातून जाईना.

पहिला प्रसंग लॅपटॉपचा. एका कंपनीने तो सात दिवसांसाठी पाठवला होता आणि आठव्या दिवशी सकाळीच तो परत न्यायला माणूस दारात उभा राहिला. कीबोर्ड उत्तम आहे, पडदा डोळ्यांना त्रास देत नाही आणि बॅटरी अकरा तास टिकते, असे मी लिहिले. तीन महिन्यांनी एका वाचकाचे पत्र आले. माझ्या शिफारशीवरून त्याने तेच मॉडेल घेतले होते. त्याची बॅटरी सात तासांच्या पुढे जात नव्हती आणि मोठ्या फाइल कॉपी करताना वेग मध्येच कोसळत होता. त्याने पाठवलेल्या माहितीवरून दिसले, की त्याच्या लॅपटॉपमधली एसएसडी (माहिती साठवणारा भाग) माझ्याकडे आलेल्या नमुन्यातल्या एसएसडीपेक्षा वेगळी होती. मी माझा मजकूर पुन्हा उघडून वाचला. अकरा तास हा आकडा किती ब्राइटनेसवर मोजला, हे त्यात कुठेच नाही. लॅपटॉप कंपनीने पाठवला होता, हेही नाही. लपवायचे नव्हते, लिहायचे सुचलेच नाही.

दुसरा प्रसंग कथाप्रधान गेमचा. तो पूर्ण व्हायला चाळीसेक तास लागतात. माझ्या हातात चार दिवस होते आणि त्यांत बारा तास खेळून झाले. ‘कथानक रेंगाळते’ असे लिहून मी दहापैकी सहा गुण दिले. ‘पंधराव्या तासानंतर गेम खरा सुरू होतो, तिथवर तुम्ही पोहोचलाच नाहीत,’ अशी प्रतिक्रिया खाली आली, आणि तिला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तिसरा प्रसंग पुस्तकाचा. माझ्या एका जुन्या मित्राचा पहिला कथासंग्रह आला. त्यातल्या नऊ कथांपैकी तीन मला मनापासून आवडल्या. उरलेल्या सहांविषयी ‘प्रयोगशील’ हा शब्द वापरून मी वेळ मारून नेली. आमच्या संपादिकांनी मजकूर वाचून एवढेच विचारले, ‘हे परीक्षण आहे की सत्काराचे भाषण?’

या तिन्हींना लागू पडेल असा एखादा निकष आहे का? गुण द्यावेत की देऊ नयेत? आणि प्रसिद्ध झालेले परीक्षण चुकीचे ठरले, तर ते दुरुस्त करावे की होते तसे राहू द्यावे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

मोजपट्टी

आपला पहिला प्रसंग माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. पुस्तकांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही.

आपले अकरा तास आणि त्या वाचकाचे सात तास हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. लॅपटॉपमध्ये पडदा हा विजेचा मोठा वाटेकरी असतो आणि ‘निम्मा ब्राइटनेस’ म्हणजे प्रत्येक यंत्रावर वेगळा प्रकाश. म्हणूनच चाचणी करणारे अनेक जण पडद्याचा उजेड मीटरने मोजून तो २०० निट (उजेडाचे एकक) अशा एका ठरावीक पातळीवर आणतात आणि मगच घड्याळ लावतात. ज्या आकड्याबरोबर तो कोणत्या परिस्थितीत मोजला हे सांगितलेले नाही, तो आकडा वाचकाच्या उपयोगाचा नसतो. माझ्याकडे प्रत्येक उपकरणासाठी वहीचे एक पान असते आणि चाचणी सुरू होण्याआधी त्यावर तारीख, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, फर्मवेअरचा (उपकरणात बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरचा) क्रमांक, खोलीचे तापमान, मोजलेला उजेड आणि उपकरण कुठून आले या गोष्टी लिहिल्या जातात. हे लिहायला चार मिनिटे लागतात, आणि वाचकाचे पत्र आले की सर्वांत आधी हेच पान उघडावे लागते.

हे पान किती कामाचे असते, याचे एक उत्तम उदाहरण आहे. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही अमेरिकी संस्था १९३६ पासून उत्पादने तपासते, ती दुकानातून स्वतः विकत घेते आणि जाहिराती स्वीकारत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये तिने अ‍ॅपलच्या नव्या मॅकबुक प्रोची शिफारस करायचे नाकारले, कारण एकाच १३ इंची लॅपटॉपची बॅटरी लागोपाठच्या तीन चाचण्यांत १६ तास, १२.७५ तास आणि ३.७५ तास अशी चालली होती. पुष्कळांना वाटले, की संस्थेची पद्धतच चुकली. प्रत्यक्षात चाचणीसाठी सफारी ब्राउझरमधली वेबपानांची तात्पुरती साठवण बंद करणारी एक आडबाजूची सेटिंग वापरली होती आणि त्या सेटिंगमुळे ब्राउझरमधला एक दोष उघडा पडत होता. अ‍ॅपलने तो दुरुस्त केला, संस्थेने त्याच पद्धतीने पुन्हा चाचणी घेतली आणि जानेवारी २०१७ मध्ये शिफारस दिली. माझ्या मते हे परीक्षण दोन्ही वेळा न्याय्य होते. चाचणी कशी केली हे नोंदलेले होते, म्हणूनच दोष कुठे आहे ते सापडू शकले. संस्थेने तीन आकड्यांची सरासरी काढून ‘बॅटरी सुमारे अकरा तास चालते’ असे लिहिले असते, तर कोणाचीच तक्रार आली नसती आणि कोणालाच काही कळलेही नसते.

आता एसएसडीची गोष्ट. आपल्या वाचकाला आलेला अनुभव दुर्मीळ नाही. २०२१ मध्ये क्रुशल कंपनीच्या पी२ या एसएसडीबाबत टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने दाखवून दिले, की सुरुवातीच्या नमुन्यांत टीएलसी प्रकारची मेमरी होती आणि नंतर त्याच नावाखाली क्यूएलसी प्रकारची, म्हणजे सलग मोठे लेखन करताना मंदावणारी मेमरी बसवली गेली. कौतुकाची परीक्षणे मात्र पहिल्याच नमुन्यावर आधारलेली राहिली. त्याआधी २०१६ मध्ये टेकपॉवरअप या संकेतस्थळाला आढळले होते, की एमएसआय आणि आसुस यांनी परीक्षकांना पाठवलेल्या काही ग्राफिक्स कार्डांचा बायॉस (कार्ड चालवणारे आतले मूळ सॉफ्टवेअर) मुळातच जरा जास्त वेगावर ठेवलेला होता. दुकानातल्या कार्डांत तो वेग मिळवण्यासाठी ग्राहकाला स्वतः सेटिंग बदलावी लागे. म्हणून कंपनीने पाठवलेल्या नमुन्याचे परीक्षण करताना आतल्या भागांचे क्रमांक लिहावेत आणि ‘हा नमुना कंपनीकडून आला’ हे वाक्य शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत न लिहिता पहिल्या परिच्छेदात लिहावे. नमुना स्वीकारण्यात काही गैर नाही. आपल्यासारख्या लहान प्रकाशनांना प्रत्येक वस्तू विकत घेणे परवडणारे नसते.

बेंचमार्कविषयी, म्हणजे वेग मोजणाऱ्या ठरावीक चाचण्यांविषयी, थोडक्यात सांगतो. २०१३ मध्ये आनंदटेक या संकेतस्थळाने सॅमसंगच्या गॅलेक्सी एस४ बाबत दाखवले होते, की ठरावीक चाचणी अ‍ॅप ओळखून फोन आपले वागणे बदलतो आणि जास्त वेगाने चालतो. २०१८ मध्ये याच कारणावरून हुआवेच्या काही फोनांचे निकाल थ्रीडीमार्क या चाचणीच्या यादीतून वगळण्यात आले. चाचणी एकदा चालवून आलेला आकडा ही नुसती झलक असते. तीच चाचणी सलग वीस वेळा चालवावी आणि पहिला व विसावा असे दोन्ही आकडे द्यावेत. गरम झाल्यावर यंत्र किती मंदावते, हे त्यातून दिसते.

सात दिवसांत काय कळत नाही, तेही लिहावे लागते. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या गॅलेक्सी नोट ७ चे बहुतेकांनी तोंडभरून कौतुक केले होते. सप्टेंबरमध्ये पेट घेणाऱ्या बॅटऱ्यांमुळे तो परत मागवावा लागला आणि ऑक्टोबरमध्ये त्याचे उत्पादनच थांबले. त्या परीक्षकांना मी दोष देणार नाही, कारण एका नमुन्यावरून असा दोष दिसणे हा निव्वळ योगायोग असता. उलट २०१९ मध्ये गॅलेक्सी फोल्डचे परीक्षकांकडचेच काही पडदे दोनेक दिवसांत निकामी झाले आणि एप्रिलमध्ये होणारी विक्री सप्टेंबरपर्यंत लांबली. त्या वेळी काहींनी पडद्यावरचा थर साधा संरक्षक थर समजून सोलला होता आणि काहींनी त्याला हातही लावला नव्हता. कोणी काय केले, हे त्यांनी स्वतःच सांगितले, हे मला विशेष वाटते.

आपल्या मजकुराविषयी माझे मत असे आहे, की जुने शब्द पुसू नयेत. वर तारखेसह टीप घालावी आणि तिच्यात ब्राइटनेसविषयी नोंद केलेली नाही, नमुना कंपनीचा होता आणि एका वाचकाच्या यंत्रात वेगळी एसएसडी आढळली, या तीन गोष्टी सरळ लिहाव्यात.

दुसरीफेरी

मोजपट्टी यांचे सगळे मान्य आहे, पण गेमच्या बाबतीत मोजण्याचा भाग तुलनेने सोपा असतो. दृश्य किती सफाईने हलते, कुठे अडखळते, गेम किती वेळा बंद पडला, हे मोजता येते आणि ते मोजून लिहावेच. अडचण येते ती त्याच्या पुढे.

आपल्या बारा तासांविषयी मी आपल्याइतकी कठोर होणार नाही. मला दिसते ती चूक एका वाक्यापुरती आहे. ‘कथानक रेंगाळते’ हे विधान पूर्ण गेमविषयी आहे आणि ते करायचा अधिकार आपल्याला नव्हता. ‘पहिले बारा तास कथानक रेंगाळते’ हे विधान मात्र पूर्णपणे खरे आहे आणि ते कोणीही खोडून काढू शकत नाही. एवढेच नव्हे, तर ‘पंधराव्या तासानंतर रंगतो’ असे सांगणारा वाचक नकळत आपल्याच बाजूने साक्ष देतो आहे. नोकरी आणि घर सांभाळून रोज तासभर खेळणाऱ्या माणसाचे पंधरा तास म्हणजे दोन आठवडे, आणि दोन आठवडे धीर धरावा लागतो ही त्याच्यासाठी महत्त्वाची माहिती आहे. गुण देणे मात्र घाईचे झाले. अर्धवट वाचलेल्या उत्तरपत्रिकेवर कोणी गुण मांडत नाही.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ग्राहकांच्या प्रत्येक अभिप्रायासोबत त्यांनी गेम किती तास खेळला, हे आपोआप दिसते. व्यावसायिक परीक्षकांनी ही सवय केव्हाच उचलायला हवी होती. मी माझ्या प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला किती तास खेळले, कोणत्या यंत्रावर, कोणत्या काठिण्यपातळीवर आणि कोणत्या पॅचनंतर (कंपनीने नंतर पाठवलेल्या दुरुस्तीनंतर), हे लिहिते.

यंत्राचा उल्लेख का आवश्यक आहे, हे डिसेंबर २०२० मध्ये सर्वांना कळले. सायबरपंक २०७७ हा गेम प्रसिद्ध होण्याआधी परीक्षकांना तो संगणकासाठी मिळाला. कन्सोलवरची (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावरची) प्रत वेळेआधी दिली गेली नाही आणि सुरुवातीच्या परीक्षणांत स्वतः चित्रित केलेली दृश्ये वापरायलाही मनाई होती. उत्तम संगणकावर खेळलेल्यांनी भरघोस गुण दिले. जुन्या कन्सोलवर मात्र गेमची अवस्था इतकी वाईट निघाली, की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि तो परत यायला जून २०२१ उजाडला. ‘कन्सोलवरची प्रत आम्हाला दाखवलेली नाही’ हे वाक्य ज्यांनी ठळकपणे छापले, त्यांचे परीक्षण न्याय्य होते, मग त्यांनी गुण कितीही दिलेले असोत. प्रसिद्धीबंदीच्या वेळेकडेही लक्ष ठेवावे. २०१४ मध्ये अ‍ॅसॅसिन्स क्रीड युनिटी विक्रीला आल्यानंतर कित्येक तास परीक्षणे छापण्याची परवानगी नव्हती. अशी अट असेल तर तीदेखील बातमीच आहे.

गेम विकल्यानंतरही बदलत राहतो, हा आणखी एक पेच आहे. २०१९ च्या जूनमध्ये आलेल्या क्रॅश टीम रेसिंगच्या नव्या आवृत्तीत खऱ्या पैशांची खरेदी नव्हती आणि परीक्षणे त्याच समजुतीवर लिहिली गेली; काही आठवड्यांतच ती खरेदी आत आली. नो मॅन्स स्काय उलट दिशेने बदलला. २०१६ मध्ये लोकांना तो फसवणूक वाटला आणि २०१८ च्या मोठ्या अद्ययावतीकरणात त्याला खरीखुरी बहुखेळाडू सोय मिळाली. म्हणून गेमच्या परीक्षणावर तारीख हवी, आणि वर्षभराने पुन्हा खेळायची तयारीही.

गुणांविषयी विचारलेत. मी देत नाही. मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ वेगवेगळ्या परीक्षणांचे गुण एकत्र करून भारित सरासरी काढते आणि कोणाला किती भार दिला, हे जाहीर करत नाही. आपला सहा तिथे साठ होतो आणि आपण दिलेली कारणे मागेच राहतात. २०१० च्या फॉलआउट न्यू व्हेगास या गेमच्या वेळी तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले असते तर बोनस मिळणार होता आणि गुण झाले ८४. ही गोष्ट २०१२ मध्ये तिथल्याच एका ज्येष्ठ सदस्याने जाहीर केली. कुठल्या तरी परीक्षकाने सात द्यावेत की साडेसात, याचा विचार करताना चहा ढवळला असेल, तेवढ्यावर हे ठरले असेल. युरोगेमर या गेमविषयक संकेतस्थळाने २०१५ मध्ये गुण बंद केले, पण २०२३ मध्ये पाच ताऱ्यांच्या रूपाने ते परत आणावे लागले, यावरून वाचकांना काय हवे असते तेही दिसते. द्यायचेच असतील तर द्यावेत. फक्त कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे लिहून ठेवावे आणि पाच म्हणजे मध्यम असेल, तर मध्यम गेमला खरोखरच पाच द्यावेत.

एक कबुलीही देते. एकदा एका गेममधल्या शेवटच्या शत्रूपुढे मी दोन तास हरत राहिले आणि ‘अन्यायकारक कठीण’ असे लिहून मोकळी झाले. नंतर एका वाचकाने दाखवले, की वार परतवण्याचा धडा पहिल्याच खोलीत एका भिंतीवर कोरलेला होता आणि मी त्या भिंतीसमोरून धावत गेले होते. आता ‘कठीण’ हा शब्द लिहिण्याआधी मी सुरुवातीचा भाग पुन्हा खेळते.

समासातलेटिपण

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मराठीनेच देऊन ठेवले आहे. परिचय, रसग्रहण, अभिप्राय, परीक्षण आणि समीक्षा हे पाच शब्द आपण सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो, पण ती पाच वेगळी कामे आहेत. परिचय लिहिणारा वाचकाला पुस्तकाच्या दारापर्यंत नेऊन सोडतो आणि त्याच्याकडून निवाड्याची अपेक्षा नसते. परीक्षण म्हटले की निवाडा आला, आणि निवाडा करणाऱ्याने मित्राचा खटला चालवायला घेऊ नये. मित्राच्या पुस्तकाचा परिचय जरूर लिहावा, मैत्री उघड सांगून लिहावा. परीक्षण दुसऱ्याला द्यावे. अमेरिकी लेखक जॉन अपडाइक यांनी १९७५ मध्ये परीक्षकांसाठी काही नियम मांडले होते. ज्या पुस्तकाविषयी आधीच नावड आहे किंवा मैत्रीमुळे ते आवडून घेणे भाग आहे, ते परीक्षणाला घेऊच नये, असा त्यांच्या एका नियमाचा आशय आहे. लेखकाने जे करायचे ठरवलेच नव्हते, ते त्याने केले नाही म्हणून त्याला दोष देऊ नये, असे दुसरा नियम सांगतो. दुसरा नियम मला अधिक अवघड वाटतो. कादंबरी संथ आहे, ही तक्रार करण्याआधी तिला धावायचे होते का, हे पाहावे लागते.

आपला ‘प्रयोगशील’ हा शब्द मला थोडा वेळ समोर ठेवावासा वाटतो, कारण असे शब्द मीही वर्षानुवर्षे वापरले आहेत. ‘आश्वासक’, ‘वेगळ्या वाटेने जाणारे’, ‘आशयघन’ हे सगळे त्याच कुळातले. या शब्दांनी पुस्तकाविषयी काही कळत नाही, परीक्षकाला अवघडल्यासारखे झाले होते एवढे मात्र कळते. प्रयोग असेल तर तो कोणता, हे सांगावे. निवेदक कथेच्या मध्यावर बदलतो का? काळ उलटा चालतो का? आणि तो प्रयोग कुठे फसतो, ते मूळ मजकुरातली दोन-तीन वाक्ये उद्धृत करून दाखवावे. उद्धृत वाक्य हा पुस्तकाच्या परीक्षणातला पुरावा आहे. मोजपट्टी यांच्या वहीच्या पानाला आमच्याकडे समास म्हणतात. पहिल्या वाचनात मी पेन्सिलीने समासात फक्त खुणा करतो, मत लिहीत नाही. दुसऱ्या वाचनात त्या खुणांपाशी थांबतो, आणि पुष्कळदा असे होते, की पहिल्या वेळी जिथे कंटाळ्याची खूण केली होती, तिथे मीच घाईने वाचत होतो.

गॅजेटचे भाग बदलतात, गेमला पॅच येतात. पुस्तक मात्र छापले की स्थिर होते आणि बदलतो तो वाचणारा. त्यामुळे आपली शिस्त पुस्तकाऐवजी स्वतःवर चालवावी लागते. एक किरकोळ अपवाद सांगतो. प्रकाशनपूर्व प्रत हाती आली असेल, तर उद्धृत करायची वाक्ये अंतिम प्रतीशी ताडून पाहावीत, कारण ती मधल्या काळात गाळलेली असू शकतात. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचे नाव लिहावे आणि मूळ भाषा येत नसेल, तर ‘अनुवाद मूळाशी प्रामाणिक आहे’ हे शिफारसपत्र देऊ नये. ‘मराठी वाचताना अडखळले नाही’ एवढेच आपल्याला माहीत असते.

नाव घालून लिहावे का, यावर जुना वाद आहे. टाइम्स लिटररी सप्लिमेंट या ब्रिटिश साप्ताहिकात १९७४ पर्यंत परीक्षणे निनावी असत. परीक्षकाला निर्भयपणे लिहिता यावे, हा त्यामागचा युक्तिवाद होता. पण निनावीपणात काय काय वाढते, हे फेब्रुवारी २००४ मध्ये दिसले. अ‍ॅमेझॉनच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर तांत्रिक बिघाडामुळे टोपणनावांमागची खरी नावे काही दिवस उघडी पडली आणि काही लेखकांनी स्वतःच्याच पुस्तकांना पाच-पाच तारे दिल्याचे जगाला दिसले. जून २०२३ मध्ये तर एका प्रसिद्ध अमेरिकी लेखिकेच्या आगामी कादंबरीला गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर शेकडो एक-तारे मिळाले. कादंबरी अजून बाहेर आलेली नव्हती, म्हणजे बहुतेकांनी ती वाचलेली असणे शक्यच नव्हते. राग कादंबरीच्या रशियातल्या कथास्थळावर होता. लेखिकेने प्रकाशन थांबवले. न वाचता केलेली स्तुती आणि न वाचता केलेली निंदा यांत मला फारसा फरक दिसत नाही.

विकतघेणारी

मी परीक्षक नाही, परीक्षणे वाचून निर्णय घेणारी आहे. वरच्या तिन्ही उत्तरांत ‘उघड सांगा’ यावर फार भर आहे आणि त्यावर मला एक आक्षेप नोंदवायचा आहे.

उघड सांगणे आवश्यक आहेच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २००९ मध्ये ब्लॉगलेखकांनाही ते बंधनकारक मानले आणि २०२४ मध्ये खोट्या परीक्षणांवर बंदी घालणारा नियम केला. पण २००५ मध्ये केन, लोवेनस्टाइन आणि मूर या तीन संशोधकांनी केलेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. त्यात काही जणांना बरणीतल्या नाण्यांची एकूण किंमत दुरून पाहून ओळखायची होती आणि बरणी जवळून पाहिलेले सल्लागार त्यांना मदत करत होते. उत्तर जितके जास्त जाईल तितका काही सल्लागारांचा फायदा होता. ज्या सल्लागारांनी हा हितसंबंध उघड केला, त्यांनी आणखीच फुगवलेले आकडे सांगितले, जणू एकदा सांगून टाकल्यावर जबाबदारी संपली. ऐकणाऱ्यांनी थोडी सूट धरली, पण पुरेशी नाही.

म्हणून ‘नमुना कंपनीकडून मिळाला, मत मात्र आमचे स्वतःचे’ हे छापील वाक्य दिसले, की मी अधिक सावध होते. त्यापेक्षा मला एक सरळ वाक्य हवे असते, ते म्हणजे ही वस्तू, हा गेम, हे पुस्तक कोणत्या माणसाने घेऊ नये. ज्याला हे वाक्य लिहिता येते, त्याने ती गोष्ट खरोखर वापरलेली असते.

मोजपट्टी

आक्षेप रास्त आहे. हा प्रयोग मला माहीत नव्हता. ‘कोणत्या माणसाने घेऊ नये’ हा परिच्छेद माझ्या लेखांत नसतो. यापुढे असेल.

शाईचाडाग

सर्वांचे आभार. दोन आठवड्यांत जे केले, ते कळवतो.

लॅपटॉपच्या परीक्षणावर तारखेसह टीप घातली आणि वाचकाला पत्राने कळवले. त्याला मी विचारले, तेव्हा समजले की तो पडद्याचा उजेड नेहमी पूर्ण ठेवतो. म्हणजे सात तासांचा काही भाग ब्राइटनेसचा होता. एसएसडीचा प्रश्न उरतोच. कंपनीला लिहिले आहे, अजून उत्तर नाही, आणि उत्तर आलेले नाही हेही टिपेत घातले आहे.

मित्राच्या पुस्तकाचा मजकूर ‘परिचय’ या सदरात हलवला आणि पहिल्याच ओळीत मैत्री सांगितली. ‘प्रयोगशील’ हा शब्द काढायचा ठरवले, तेव्हा त्याच्या जागी काय लिहावे यासाठी त्या सहा कथा पुन्हा वाचाव्या लागल्या. दोन कथांत खरोखर एक युक्ती सापडली. निवेदक आपण काय पाहिले ते सांगतो आणि वाचकाला हळूहळू कळते, की तो त्या खोलीत नव्हताच. पहिल्या वाचनात हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. उरलेल्या चार कथा मला आवडल्या नाहीत आणि ते मी मित्राला फोनवर सांगितले. दोन दिवस तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, की चारपैकी सर्वांत वाईट कोणती. परीक्षण आता आमच्या संपादिका स्वतः लिहीत आहेत.

गेमचे गुण काढून टाकले आणि वाक्य दुसरीफेरी यांनी सुचवले तसे बदलले. गेम रोज रात्री तासभर खेळतो आहे आणि सध्या सव्विसाव्या तासाला आहे. कथानक वेग घेते, हे त्या वाचकाचे म्हणणे खरे निघाले. फक्त माझ्याकडे ते पंधराव्या नव्हे, एकोणिसाव्या तासाला झाले.